कोपरा कापलेले कागद

खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. उलट त्या अख्ख्या आठवड्यात त्याच्याशी माणसासारखं बोललेलं माणूस म्हणजे त्याच. त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, डॉक्टरांचं पत्र पाहिलं, विभागप्रमुखांचा शेरा पाहिला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "सगळं आहे. फक्त वडिलांची सही राहिलीय. पण अर्धांग म्हणताय ना? मग अंगठा चालेल. डाव्या हाताचा. आणि अजून अठ्ठावीस दिवस आहेत म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. चारला खिडकी बंद म्हणजे बंद." रांगेतली मागची मुलगी पिशवीने त्याच्या पाठीला ढोसत होती. त्याने अर्ज घेतला, घडी न घालता फाइलीत ठेवला, जिना उतरला, आणि शेवटच्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं की आपला डावा हात खिशात मूठ वळून बसला आहे. नखं तळव्यात रुतली होती. त्याने ती मूठ सोडवली. दोन पावलं चालला तर पुन्हा वळलेली. बाई किती सहज बोलून गेल्या होत्या. त्याच्या घरात डावा हात हा विषय असा सहज कधीच निघाला नव्हता. तो निघाला की आई स्वयंपाकघरात निघून जायची आणि वडील टेबलाचा खण उघडायचे, ज्यात पट्टी असे.

अर्ज हजेरीत सूट मिळावी म्हणून होता. परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि त्याची एक्केचाळीस भरत होती. एम.एस्सी.चं हे दुसरं वर्ष तो दुसऱ्यांदा करत होता, आणि तिसऱ्यांदा करणं नियमात नव्हतं. म्हणजे या अर्जावर त्याचं सगळं शिक्षण टांगलेलं होतं. अर्जात कारणासाठी दोन चौकोन होते, 'स्वतःचा आजार' आणि 'पालकाचा आजार'. त्याने दोन्हींत खूण केली होती, तेव्हा विभागप्रमुखांनी त्याला समोर बसवून समजावलं होतं. "अरे, एकच लिही. दोन लिहिलीस तर समितीला दोन्ही खोटी वाटतात. वडिलांचं ठेव, ते दिसतं तरी." म्हणून त्याने स्वतःची खूण खोडली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई त्याच्या आजाराला नैराश्य म्हणत. शब्द फार चांगला होता, कवितेत शोभेल असा. त्याला जे होत होतं ते एवढं शोभिवंत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की कुणीतरी भिजलेली गादी अंगावर टाकून गेल्यासारखं वाटे. दात घासायचे म्हणजे आधी उठायचं, उठायचं म्हणजे आधी पांघरूण काढायचं, आणि पांघरूण काढायला काही कारण सापडत नसे. पलीकडच्या खोलीतून वडील हाक मारत. ती हाक त्याच्यापर्यंत पोचे, पण त्याच्यात काही हलत नसे. एकदा तो असा दोन तास पडून राहिला होता आणि वडील दोन तास ओल्या चादरीवर. त्या दिवशी चादर बदलताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. विद्यापीठात जायचं तर वडिलांना खुर्चीत नीट बसवून, पाण्याचं भांडं आणि लघवीची बाटली डाव्या हाताशी ठेवून, अडीच तासांत परत यायचं. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात होती, सकाळी सातला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. या सगळ्यातून एक्केचाळीस टक्के भरले हेच खरं तर नवल होतं, पण नवलाला अर्जात चौकोन नव्हता.

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला. चांगला हात होता. वापर न झाल्यामुळे अगदी नवा राहिला होता. वडील याच विद्यापीठात पदवी विभागात होते. एकतीस वर्षं त्यांनी पदवीपत्रांवर नावं लिहिली. एक जण यादीतून नाव वाचायचा, वडील टाक बुडवून ते जाड कागदावर उतरवायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "पुढे." छापील पत्रं आली तेव्हाही त्यांना कुणी हलवलं नाही, कारण त्यांचं अक्षर म्हणजे विद्यापीठाचा मान होता, असं निदान ते स्वतः म्हणत. नाव चुकलं, शाई फुटली, तर तो कागद बाद. बाद कागदाचा कोपरा कात्रीने कापायचा, म्हणजे कुणी तो खरा म्हणून वापरणार नाही. असे कोपरा कापलेले कागद वडील घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो अक्षरं शिकला. पलीकडे कुणाचं तरी अर्धं नाव, अलीकडे त्याच्या उभ्या रेघा. पाच वर्षांचा होता. पेन्सिल आपोआप डाव्या हातात जायची, त्याला काही ठरवावं लागत नसे. वडिलांना ते कागद तिरका ठेवल्यासारखं खटकायचं. आधी ते समजावून सांगत, मग नुसते बघत, मग पट्टी आली. शेवटी आईने त्याच्या एका शर्टाची डावी बाही टोकाशी शिवून टाकली. आतून, दुहेरी दोऱ्याने. घरात त्याला 'अभ्यासाचा शर्ट' म्हणत. शाळेतून आलं, हातपाय धुतले की अभ्यासाचा शर्ट घालायचा आणि डावा हात पिशवीत घातलेल्या मांजरासारखा आत गप्प ठेवायचा. घाम यायचा, बोटांना खाज सुटायची. वर्गात मात्र तो गुपचूप डाव्या हातानेच लिहायचा. डाव्या हाताने लिहिलं की तळहाताची कड ताज्या शाईवरून सरकत जाते आणि निळी होते. वडील दारातच हात उलटा करून कड तपासायचे. बोटभर निळं दिसलं की पट्टीचा एक वार. तीन वर्षांत ते काम झालं. त्याचं उजव्या हाताचं अक्षर आजही वाईट आहे, आणि लोक म्हणतात, एवढ्या सुंदर अक्षराच्या माणसाचा मुलगा आणि हे काय.

दोन वर्षांपूर्वी त्याच माणसाचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. वाचा सगळी नाही गेली. एक शब्द राहिला, तोच, "पुढे." पाणी हवं असलं तरी पुढे, उशी टोचली तरी पुढे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द घट्ट रुतलेला असतो तो राहतो. समज किती राहिली आहे हे नक्की सांगता येणार नाही, असंही म्हणाले होते. बसचा थांबा आला, तो उतरला, आणि घराच्या वळणावर येईपर्यंत त्याला स्वतःच्या चालण्यात काहीतरी वेगळं जाणवलं. तो भराभर चालत होता. कित्येक महिन्यांत तो असा चालला नव्हता.

वडील खुर्चीत होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, मांडीवर टॉवेल. त्याने बूटही न काढता फाइल उघडली आणि अर्ज त्यांच्यासमोर धरला. "माझ्या परीक्षेचा अर्ज आहे. इथे तुमची सही लागते." वडिलांनी अर्जाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग डाव्या हाताचा अंगठा जरासा उचलल्यासारखं केलं, किंवा त्याला तसं वाटलं. तो म्हणाला, "अंगठा चालत नाही म्हणाले. सहीच लागते. डाव्या हाताने शिकावी लागेल." खोटं बोलताना त्याच्या तोंडाला कोरड पडली नाही. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी एरवी सतत पडायची. वडील बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, इतका वेळ की त्याला वाटलं, ते झोपले डोळे उघडे ठेवून. मग म्हणाले, "पुढे."

पलंगाखाली कोपरा कापलेल्या कागदांचा गठ्ठा अजून होता, दोरीने बांधलेला. त्याने तो ओढून काढला, झटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याने वडिलांची खुर्ची टेबलाशी लावली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला (त्याची बाही शिवायची गरज नव्हती, ते काम आधीच झालं होतं), डाव्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, "उभ्या रेघा. दहा ओळी." वाक्य त्याचं नव्हतं. स्वरही त्याचा नव्हता. तो कुठून आला हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि तो इतका हुबेहूब आला की वडिलांच्या पापण्या हलल्या. पेन घसरलं. पहिली रेघ कागदावरून टेबलावर गेली. "चूक," तो म्हणाला. अकरा वाजेपर्यंत त्याने चोवीस वेळा चूक म्हटलं. ते मोजायचं असं ठरवलं नव्हतं, पण आकडा लक्षात राहिला, शेवटी सांख्यिकीचा विद्यार्थी होता. अकराला त्याला कडकडून भूक लागली.

त्याने हे कुणाला सांगितलं नसतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही, पण खरं ते असं की सूड हेच त्याला मिळालेलं पहिलं लागू पडलेलं औषध होतं. गोळ्या कडा बोथट करत, एवढंच. सूड मात्र त्याला सकाळी उठवायचा. डोळे उघडले की गादी अंगावर असायचीच, पण तिच्याखालून आठवण यायची, आज आडव्या रेघा, आणि पांघरूण काढायला कारण सापडायचं. तो वडिलांना आंघोळ घालायचा तेव्हा घाईने घालायचा, म्हणजे दहाच्या आत टेबलाशी बसता येईल. दाढी नीट करायचा. त्याला समोर स्वच्छ, जागा, पुरता शुद्धीवरचा माणूस हवा होता. झोपेत असलेल्यावर उट्टं काढून काय करायचं. आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. व्यायाम घ्यायला आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या. त्या कागद बघून खूश झाल्या, म्हणाल्या, "केवढी मेहनत घेतोस रे. बाकीची मुलं सरळ अंगठा लावून मोकळी होतात. तू त्यांचा मान राखलास." त्या अंगठा म्हणाल्या तेव्हा त्याने झटकन वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तो हसून म्हणाला, "त्यांनीच शिकवलंय मला. मी फक्त परत करतोय." बाईंचे डोळे भरून आले. तो मनातल्या मनात नाचला.

रेघांनंतर अर्धगोल, अर्धगोलांनंतर गोल. वडील वाईट विद्यार्थी होते. घाम यायचा, लाळ गळायची, ती कागदावर पडली की शाई फुटायची, आणि फुटली की तो कागद बाजूला करून म्हणायचा, "बाद. नवा घ्या." तो त्यांना अहोजाहो करत असे, लहानपणापासून तीच सवय, त्या टेबलाशी तर तो मुद्दाम जास्तच अदबीने बोलायचा. "हात टेकू नका. पाठ सरळ ठेवा. इकडेतिकडे काय बघता?" वडील कधी चिडत नसत, निदान दिसत नसे. हेच त्याला टोचायचं. तो लहान असताना रडायचा, पाय आपटायचा, एकदा तर त्याने पेन्सिल मोडून चावून टाकली होती. शिकवणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळत असणार. त्याला काही मिळत नव्हतं. दर ओळ संपली की नुसतं "पुढे." जणू यादीतून कुणी नावं वाचतंय आणि समोरचा हुकमाचा ताबेदार ती उतरवून घेतोय.

आईच्या लक्षात ते अकराव्या दिवशी आलं, आणि आलं ते निळ्या कडेमुळे. रविवारी ती वडिलांचे हात साबणाने चोळत होती. तिने डावा हात उलटा केला, तळहाताची कड पाहिली आणि चोळायची थांबली. मग टॉवेलला हात पुसत बाहेर आली आणि टेबलावरची पट्टी उचलून पाहिली. तीच पट्टी, खणातली, पितळी कडेची.

"शिकवतोयस ते बरं आहे," ती म्हणाली. "ही कशाला?"

"रेघा सरळ याव्यात म्हणून."

"मला नको शिकवू."

आई खुर्ची ओढून बसली. दिवसभर गरम पाण्याच्या वाफेत काम करून तिचे हात कायम सुरकुतलेले असत, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखे. "त्यांनी तुझं वाईट केलं नाही म्हणत नाही मी," ती म्हणाली. "त्यांना वाटायचं, डाव्या हाताच्या पोराला कुणी त्यांच्या जागी घेणार नाही. ओली शाई पुसली जाते म्हणे. एवढंच त्यांचं जग होतं. नोकरी मुलाला द्यायची."

"ती नोकरी आता उरलीच नाही."

"नाही उरली. पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं?" ती पट्टी मांडीवर घेऊन बसली होती. "आणि बाही मी शिवली होती, त्यांनी नाही. सूडच घ्यायचाय तर मलाही शिक्षा दे की मग."

"तुझीही पाळी येईल," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपलं वाक्य परत गिळावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ते अजून एकदा म्हणावंसंही वाटलं. ती उठली, पट्टी होती तिथे ठेवली, आणि जाता जाता म्हणाली, "परीक्षेचा अर्ज मात्र वेळेवर दे. बाकी तुझं तू बघ." ती स्वयंपाकघरात गेली. पूर्वीसारखीच गेली, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही, आणि तेही त्याने मनात जपून ठेवलं.

मारलं ते एकदाच, पंधराव्या दिवशी. आदल्या दिवशी तो कसाबसा एका तासाला जाऊन आला होता. सर फळ्यावर काहीतरी मांडत होते आणि तो पहिल्या ओळीवरच अडकला होता. ओळ संपायची, तो पुन्हा तिच्या सुरुवातीला यायचा, जसं काही कुणी त्याला मान धरून तिथे आणून बसवत होतं. शेजारच्याने हळूच विचारलं, "बरा आहेस ना?" आणि त्या आपुलकीने त्याला रडू फुटायची वेळ आली होती. सकाळी वडील नावातलं तिसरं अक्षर काढत होते. गोल जुळला नाही. पुन्हा जुळला नाही. सहाव्या वेळी त्यांचा हात कागदावर जरा विसावला आणि त्यांनी डोळे मिटले. त्याने पट्टी उचलली आणि बोटांच्या पेरांवर मारली. फार जोरात नाही, पण आवाज झाला तो त्याच्या ओळखीचा. लहानपणी तो हात मागे घ्यायचा आणि हात मागे घेतल्याबद्दल आणखी एक मिळायची. वडिलांनी हात मागे घेतला नाही. डोळे उघडले, हात आहे तिथे पसरून ठेवला, पेरं वर, आणि वाट पाहिली. लाल वळ हळूहळू उमटला. म्हातारी कातडी, त्याखाली शिरा, अंगठ्याशी निळा डाग. आता आपल्याला लाज वाटेल असं त्याला वाटलं. लाज कुठे दिसत नव्हती. पोटातून डोक्यापर्यंत काहीतरी सैल झालं आणि त्याला बरं वाटलं, इतकं बरं की त्याने भिंतीला टेकून श्वास घेतला. दुपारी तो पुन्हा तासाला गेला. सरांनी फळ्यावर जे मांडलं ते त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजलं. परत येताना बसमध्ये मात्र दोन थांबे तो उजवा हात मांडीखाली दाबून बसला.

त्यानंतर पट्टीची गरज पडली नाही, कारण वडील शिकू लागले. हे त्याने गृहीत धरलं नव्हतं. अक्षरं कोपऱ्यात दबकून बसलेल्या माणसांसारखी दिसत, पण अक्षरं होती. विसाव्या दिवशी पूर्ण नाव उमटलं. बाविसाव्या दिवशी ते वाचता आलं. ते कागद बघून त्याला पाय घसरल्यासारखं झालं. सही जमली की अर्ज जाणार, अर्ज गेला की टेबल संपलं, सकाळी उठायचं कारण संपलं. मग पुन्हा ती गादी. आणि वडील? वडील तर शिकले. त्यांना आणखी एक हात मिळाला. याला कुणी सूड म्हणेल? हे तर उपकार झाले. तो दिवसभर दात ओठ खात घरात फिरला आणि संध्याकाळी आई यायच्या आत त्याचं ठरलं. अर्ज द्यायचाच नाही. शेवटच्या दिवशी बसवायचं, लिहून घ्यायचं, प्रत्येक सहीला चूक म्हणायचं, चार वाजू द्यायचे, आणि मग शांतपणे सांगायचं, तुमच्या हाताने माझं शिक्षण संपलं. दुसऱ्यांदा. वाक्य त्याने अनेकदा घोळवलं, आंघोळ घालताना, कपडे वाळत टाकताना. कधी 'हाताने' म्हणावं, कधी 'हातामुळे'. आपलं नुकसान किती होईल हे त्याला नीट कळत होतं. सांख्यिकी सोडल्यावर आपण काय करणार, कुठल्या खोलीत पडून राहणार, हेसुद्धा दिसत होतं. पण वडिलांच्या उरलेल्या आयुष्यभर ते वाक्य त्यांच्यासमोर उभं राहील, आणि त्यावर त्यांच्याकडे बोलायला एकच शब्द असेल. या विचाराने त्याला जी ऊब मिळायची तिच्यापुढे बाकी सगळं फिकं होतं.

शेवटच्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा छान दाढी केली. अर्ज टेबलावर मधोमध ठेवला, बाजूला सरावाचे कागद, शाईची बाटली (शेवटचा आठवडा त्याने मुद्दाम टाक दिला होता, पेनापेक्षा अवघड), समोर घड्याळ. दहाला सुरुवात केली. "आधी सरावाला. जमली की अर्जावर." वडिलांनी लिहिलं. नाव सरळ आलं, पहिल्यांदाच. "चूक," तो म्हणाला. वडिलांनी पुन्हा लिहिलं. "चूक. आडनाव वर चढलंय." चढलं नव्हतं. बारा वाजता त्याने त्यांना जेवायला घातलं, तोंड पुसलं, बाटली धरली, पुन्हा बसवलं. एक वाजून गेला तरी सह्या येत राहिल्या, एकाखाली एक, कुणाच्या तरी फसलेल्या पदवीच्या पाठीवर. सव्वादोनला त्याने सतराव्यांदा चूक म्हटलं आणि त्याचा आवाज त्यालाच मजेचा वाटला नाही. बसला पंचवीस मिनिटं लागत, आणि बस अर्ध्या तासाने एक. तीनच्या पुढे निघून उपयोग नव्हता. म्हणजे आणखी पाऊण तास.

वडिलांनी टाक खाली ठेवला. घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती; कामाच्या ठिकाणी एखादा नवा माणूस उगाच वेळ काढत असला की जुना माणूस बघतो तसं ते बघत होते. मग त्यांनी डावा हात पुढे केला, बाटलीच्या झाकणातली शाई अंगठ्याला लावली, जास्तीची बाद कागदावर टिपली, आणि सरावाचे कागद कोपराने बाजूला सारून अर्ज स्वतःकडे ओढला. सहीच्या चौकोनात त्यांनी अंगठा टेकवला, डाव्या कडेपासून उजवीकडे एकदाच फिरवला, आणि सरळ वर उचलला. ठसा स्वच्छ आला. रेषान् रेष दिसत होती.

त्याने तो ठसा पाहिला आणि कुठेतरी खोल, त्याला एक दुपार आठवली जी त्याने कधी आठवून पाहिली नव्हती. तो सात-आठ वर्षांचा, वडिलांच्या कचेरीत, बाकावर. मुलाचं पदवीपत्र न्यायला एक म्हातारी बाई आली होती, तिला लिहिता येत नव्हतं आणि ती लाजत होती. वडिलांनी तिचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला होता, शाईला लावला होता, टिपला होता, आणि कागदावर असाच, डाव्या कडेपासून उजवीकडे, एकदाच फिरवला होता. मग तिचं बोट स्वतःच्या रुमालाने पुसून दिलं होतं. असे किती. एकतीस वर्षांत असे शेकडो. अंगठा चालतो हे त्या विद्यापीठात यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं? पहिल्या दिवशी त्यांनी अंगठा उचलला होता तो उगाच नव्हे. आणि खोटं ऐकून, ते खोटं आहे हे जाणून, ते पुढे म्हणाले होते. अठ्ठावीस दिवस. चूक, बाद, पाठ सरळ ठेवा. त्या पट्टीच्या वेळी पसरून ठेवलेला हात.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"पुढे," वडील म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?" हे किती मूर्खपणाचं विचारलं ते त्याला लगेच कळलं, आणि त्यामुळे तो आणखी भडकला. त्याने अर्ज झटक्यात उचलला. फाडावा. दोन तुकडे, चार तुकडे, हे घ्या. पण फाडला तरी आता त्या वाक्यात दम उरला नव्हता. तुमच्या हाताने, असं म्हणायचं आणि त्यांच्या हाताने तर जे करायचं ते वेळेत केलं होतं. त्याने घेतलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी आधीच त्याच्या हातावर ठेवली होती. महिनाभर तो ज्याच्यावर जगला ते त्याने ओरबाडून घेतलंच नव्हतं, त्याला ते वाढलं गेलं होतं, रोज सकाळी दहाला, आजारी मुलाला मऊ जेवण वाढावं तसं. म्हणजे त्यांना तेही कळत होतं, पलीकडच्या खोलीतलं, पांघरुणाखालचं. अपमानाने त्याचे कान तापले. वडील त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी निळा अंगठा हवेत तसाच धरला होता, कशाला लागू नये म्हणून, आणि पुसायला कुणी काही देईल याची वाट बघत होते. त्याने टॉवेलचं टोक त्यांच्या हातात कोंबलं, फाइल उचलली आणि निघाला. घड्याळात तीनला दहा कमी होते.

खिडकीशी पोचला तेव्हा पावणेचार झाले होते आणि बाई खण बंद करत होत्या. त्यांनी अर्ज घेतला, ठसा उजेडात धरून पाहिला. "छान आलाय. घेणारा जाणता असणार. हेच महिनाभर आधी आणलं असतं तर ही धावपळ झाली असती का?" त्यांनी शिक्का उचलला, मग थांबल्या. "साक्षीदार म्हणून तुम्हीच ना? मला वाचून विचारावं लागतं, अंगठा असला की नियम आहे." त्यांनी ठशाखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि हजारदा वाचलेलं वाचावं तशा सपाट आवाजात वाचलं, "सदर अंगठा तुमच्या समक्ष, कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने दिला गेला आहे का?"

तो घामाने निथळत होता. धापा लागल्या होत्या. बाईंना वाटलं, त्याने ऐकलं नाही. त्या पुन्हा वाचू लागल्या.

"स्वखुशीने," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तो त्यांना या जन्मात क्षमा करणार नव्हता.